पोटात धरलेलं मीठ

मित्रांनो, मी मिरे दळायची चक्की. वीतभर उंच, लाकडाची, कमरेत बारीक, डोक्यावर पितळेची चकती. दिसायला गरीब, पण मनात डूख धरणारी. आधीच सांगते, माझी गोष्ट ऐकून मला गुणी बाळ म्हणू नका. मी बदला घेतलाय आणि मला त्याचं काडीइतकंही वाईट वाटत नाही.

मला घडवलं एका कातारी बाबाने. कातारी म्हणजे लाकूड यंत्रावर गरागरा फिरवून गोल कातणारा माणूस. लाटणी, पलंगाचे पाय, भोवरे, सगळं त्याच्या हातचं. भुवयांत कायम भुसा, त्यामुळे चाळिशीतच म्हातारा दिसायचा. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा उरलेल्या चांगल्या लाकडाची त्याने मला केली. लाकूड एका दिवसात कातून झालं. पण माझे पोलादी दाते निवडायला तीन दिवस गेले. एकेक जोडी बसवायचा, दोन दाणे टाकायचा, फिरवायचा आणि तळहातावरची पूड जिभेने टिपायचा.

लेकीच्या हातात मला देताना म्हणाला, "चक्की घेताना रूप बघू नये पोरी, दाते बघावेत. चकती आवळली की बारीक, सैल सोडली की जाड. फिरवून पूड पडली तर ती आपली. नुसता आवाज आला तर दुकानदाराला परत."

आम्ही दोघी एकाच बापाच्या लेकी, म्हणून मी तिला ताई म्हणते आणि तिच्या नवऱ्याला दाजी. अकरा वर्षं मी त्या स्वयंपाकघरात नांदले. सकाळी अंड्यावर, संध्याकाळी सूपवर, कुणाला सर्दी झाली की काढ्यात. दाजी तर उकडलेल्या बटाट्यावर मला इतकं फिरवायचे की ताई ओरडायची, "अहो, बटाटा दिसू द्या की थोडा!" एवढं काम केलं, पण एकदाही अडले नाही, कुरकुरले नाही.

आता धाकट्याचं ऐका. धाकटा म्हणजे दाजींचा भाऊ, ताईचा दीर. भांड्यांच्या दुकानात विक्रीला. तोंडाचा असा गोड की फुटकी बादली चाळण म्हणून विकेल. त्याच्या दुकानात बॅटरीवरच्या चक्क्या आल्या. बटण दाबलं की घुर्रर्र. वर दिवासुद्धा लागायचा. मिरे दळायला दिवा कशाला लागतो, हे मला अजून कळलेलं नाही.

त्याच सुमाराला बाजारातल्या एका हॉटेलच्या मालकांना प्रत्येक टेबलावर ठेवायला चाळीस चक्क्या हव्या होत्या. ते दाजींच्या ओळखीचे. ताई म्हणाली, "माझ्या बाबांच्या हातची एकदा बघा तरी." धाकटा म्हणाला, "आमच्याही बघा." ठरलं, रविवारी घरी जेवायला यायचं आणि दोन्ही फिरवून बघायच्या.

ताईचा जीव त्यात अडकला होता. बाबाचं काम कमी होत चाललं होतं. बाजारात प्लास्टिकची लाटणी आल्यापासून तो दिवसदिवस यंत्र पुसत बसायचा. आणि काम नसलेला कारागीर कसा होतो ते तुम्हाला काय सांगू? जेवणावरून उठतो आणि आपण जेवलो की नाही हे बायकोला विचारतो.

रविवारी सकाळी धाकट्याने टेबल मांडलं. बॅटरीवालीत मिरे भरले. माझं डोकं उघडलं तर मी रिकामी, आणि डब्यात मिरे संपलेले. त्याने इकडेतिकडे पाहिलं. मोरीजवळच्या बरणीतलं ओलसर खडेमीठ मुठीने उचललं आणि माझ्या पोटात कोंबलं.

ही त्याची दुकानातली सवय. शोकेसमधली चक्की रिकामी असली तर हातात हलकी लागते, गिऱ्हाईकाला माल हलका वाटतो. म्हणून तिथे वजनाला मीठ भरतात. ती चक्की फिरवून कुणी बघत नाही, नुसती हातात तोलतात. पण मी काय शोकेसमधली आहे? पोलादाच्या दात्यांना ओलं मीठ म्हणजे विष. दातांत लगदा बसला आणि माझी बत्तीशी मिटली ती मिटलीच.

जेवणं झाली. मालकांनी मला उचललं. "वा, वजनदार आहे!" आणि फिरवलं. मी फिरेना. त्यांनी जोर लावला, कानशिलावर शीर फुगली. एक कण पडला नाही.

"हातचा माल असाच असतो साहेब," धाकटा हसत म्हणाला. पण मी त्याच्या हाताएवढ्या अंतरावर होते. त्याचे कान लाल झालेले मी पाहिले. कशामुळे अडलंय ते त्याला त्या क्षणी कळलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं, 'चुकून मीठ भरलं.' बोलला नाही. मला मालकांच्या हातातून काढून घेतलं, कपाटाच्या डोक्यावर टाकलं आणि बॅटरीवालीचं बटण दाबलं. घुर्रर्र.

ताईने ताटं उचलली आणि ती मोरीत नळ सोडून उभी राहिली. बाबाला कळवलं नाही, कोणत्या तोंडाने कळवणार? मला खाली काढून बघायचीही तिला हिंमत झाली नाही. धाकटा मात्र पुढे दुकानादुकानांत सांगत सुटला, "काताऱ्याच्या चक्क्या? अहो, आमच्या घरी होती एक. फिरतच नाही!"

तीन महिने मी कपाटावर आडवी पडून होते. मीठ ओल ओढत होतं आणि दाते गंजत होते. एकेक दाता झिजताना मला कळत होतं. लोक खाल्ल्या मिठाला जागतात म्हणे. मी त्या मिठाला अशी जागले की एक खडा सांडू दिला नाही. पाल आली, कुणी कपाट हलवलं, एकदा मी गडगडत कडेपर्यंत गेले. तोंड मिटून धरलं. म्हटलं, धाकट्या, तुझा ऐवज माझ्याकडे सांभाळून आहे. ये कधीतरी घ्यायला.

इकडे हॉटेलात बॅटरीवाल्यांचा निकाल लागत होता. गरम सूपवर धरल्या की वाफ आत जायची आणि दळण चिकटून बसायचं. महिन्याला दहा-बारा मरायच्या. शेवटी मालक पोतं भरून थेट बाबाच्या कारखान्यात गेले. "यात पोलादी दाते बसवून देता का? तुमच्या लेकीकडची फिरली नाही खरी, बाजारातही दुकानादुकानांत तेच ऐकतो, पण आता दुसऱ्या कुणाला विचारायचं?"

बाबाला तेव्हा पहिल्यांदा कळलं की उरलंसुरलं गिऱ्हाईकही का आटलंय. त्याने यंत्र बंद केलं, पोतं खांद्यावर घेतलं आणि मालकांना घेऊन तडक ताईच्या दारात.

"चक्की कुठाय?"

ताईने मला खाली काढलं. सगळे जमले. धाकटा आंघोळीला निघाला होता, दाजी म्हणाले, "थांब रे, बघू तरी." बाबाने चकती उघडली, मला टेबलावर उलटं केलं आणि बुडाला एक चापट मारली. मी तोंड उघडलं. तपकिरी गंजाचा, दगडासारखा गोळा टेबलावर पडला.

बाबाने तो जिभेला लावला. "मीठ."

सगळ्यांनी पाहिलं कुणाकडे? ताईकडे! दाजी म्हणाले, "अगं, तू भरलंस?" माझा जीव कासावीस झाला. तीन महिने पुरावा पोटात सांभाळला तो काय हिच्यावर उलटायला?

पण मालक त्या गोळ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पोत्यात हात घातला आणि एक बॅटरीवाली टेबलावर ओतली. पांढरं मीठ. "चाळीस भरायला एक कमी पडली, तेव्हा शोकेसमधली दिली होती या गृहस्थांनी. मी विचारलं, यात मीठ कसं? तर म्हणाले, वजनाला भरतो आम्ही. ती तशीच बाजूला पडून राहिली."

धाकटा टॉवेलचं टोक चावायला लागला. "वहिनी... मिरे संपले होते. रिकामी हलकी लागेल म्हणून... मुद्दाम नाही केलं."

"मीठ मुद्दाम नाही भरलं, भाऊजी, कबूल," ताई म्हणाली. "पण तीन महिने गप्प राहिलात, ते पण चुकून का?"

बाबा गंज खरवडायला बसणार, तेवढ्यात तिने त्याचा हात धरला. "नाही बाबा. साफ नाही करायची." गोळा उचलून परत माझ्या पोटात ठेवला, झाकण लावलं आणि मला धाकट्याच्या हातात दिलं. "ज्या ज्या दुकानात सांगितलंत ना, तिथे तिथे ही घेऊन जा. उघडून दाखवा आणि मीठ कुणी भरलं ते स्वतःच्या तोंडाने सांगा. मी येते सोबत."

सात दुकानं होती मित्रांनो. सातही ठिकाणी मी त्याच्याच हातून उघडली गेले. पहिल्या दुकानात तो पुटपुटला, तेव्हा ताई म्हणाली, "ऐकू नाही आलं त्यांना." चौथ्या दुकानात त्याचा घाम माझ्या लाकडावर ठिबकला. मला दया आली का? नाही आली. सातवं त्याचं स्वतःचं दुकान. शेठने गोळा पाहिला, शोकेसकडे पाहिलं आणि म्हणाला, "उद्यापासून गोदामात बस. गिऱ्हाईकासमोर नको."

बाबाने मला नवे दाते बसवले. मालकांना म्हणाला, "आधी दोनच न्या. महिनाभर वाफेवर धरा, आपटा, मग बोला." आता महिना होऊन गेलाय आणि त्याच्या भुवयांत पुन्हा भुसा आहे.

माझे जुने दाते मात्र गेले. पहिल्या दिवशी जिभेने चाखून निवडलेले होते ते. नवे चांगले आहेत, पण ते ते नव्हेत.

म्हणून सांगते. चक्की घ्याल तेव्हा दाते बघून घ्या, कोरडे मिरे घाला, वाफेपासून लांब धरा. आणि चूक झाली तर त्याच दिवशी बोला. आम्ही मुक्या वस्तू मार खातो, गंज खातो, कपाटावर वर्षभरही पडून राहतो. पण आमचं झाकण कधी ना कधी कुणीतरी उघडतंच, आणि त्या दिवशी आम्ही नाव सांगितल्याशिवाय राहत नाही.