खलीलकडे आलेला बॉल

फुटबॉलच्या अखिल हिंद चषकात आमचा नाशिकचा गंगाघाट क्लब थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला, आणि तोवर आमच्यापैकी एकाचाही पाय बॉलला लागला नव्हता. हसायचं तर हसा. छत्तीस सालची गोष्ट, आणि तिला जबाबदार आमचे गंगाधरकाका.

क्लबात आम्ही दहा जण घाटावरचे भट. बाहेरगावचा यात्रेकरू स्टेशनावर उतरला की त्याचं गाव-आडनाव विचारायचं, त्याच्या सात पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवायच्या आणि टांग्यात घालून रामकुंडावर न्यायचा, हा आमचा पिढीजात धंदा. अकरावा खलील, विणकर. तो गोलकीपर, कारण दहाही भटांना मातीत लोळायचं नव्हतं आणि खलीलला नेमकं तेच हवं होतं. दिवसभर मागावर बसून त्याचं अंग आखडायचं. हंगाम संपला की तो मालेगावला मामाच्या मागावर कायमचा जाणार होता, आणि मामाला खेळाचा भारी तिटकारा. जायच्या आधी खऱ्या सामन्यात एक तरी बॉल अडवायचा, एवढंच त्याचं मागणं होतं.

पहिली फेरी नाशकात, उज्जैनच्या संघाशी. पाहुण्यांना उतरवून घ्यायला आम्ही स्टेशनावर काकांना पाठवलं, ही आमची अक्कल. काकांनी कप्तानाची वाढलेली दाढी पाहिली आणि ओळखलं, याचा बाप गेलाय. त्याच दिवशी दहावा होता आणि बिचारा सामन्यापायी तो टाकून आला होता. आलेलं तीर्थ ओलांडून जाऊ नये, असं म्हणत काकांनी अख्खा संघ रामकुंडावर नेला. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. कप्तान म्हणाला, आईला सांभाळीन. कावळा ढिम्म. धाकट्याचं लग्न करून देईन. छे! सामना जिंकीन म्हणाला, तर कावळा उठून आणखी लांब जाऊन बसला. शेवटी रडकुंडीला येऊन त्यानं सांगितलं, बाबा, सामना खेळतच नाही. कावळ्यानं झडप घातली.

इकडे मैदानावर आमचे पंच मोतीराम, रेल्वेतून निवृत्त झालेले इगतपुरीचे गार्ड, घड्याळ धरून उभे. म्हणाले, एका बाजूला कमीत कमी किती माणसं हवीत हे नियमात कुठेच नाही, समोरून एक जरी आला असता तरी शिट्टी मारली असती. पण कोणीच नाही, त्याला मी काय करू? झालं, आम्ही विजयी. खलील बराच वेळ गोलाच्या खांबाला टेकून बसून होता.

घरी त्याच्या आईनं, जैतुनबीनं विचारलं, किती अडवले? तो म्हणाला, एकही आला नाही. जैतुनबी तोंडाची फटकळ. म्हणाली, नुसतं दारात उभं राहायला भालदार ठेवतात, पण त्याला पगार तरी मिळतो.

पुढची फेरी नागपूरकरांशी. त्यांच्या कप्तानाच्या घरी पाळणा हलत नव्हता, हे काकांनी टांग्यात बसायच्या आत काढून घेतलं आणि त्याला नारायण-नागबळीसाठी त्र्यंबकेश्वरला रवाना केलं. तो विधी तीन दिवसांचा. कप्तानापाठोपाठ संघही गेला, आणि आम्ही पुन्हा विजयी. मी काकांवर असा भडकलो म्हणता! काका खजील झाले. यजमान समोर दिसला की जीभ थांबत नाही रे, म्हणाले. जित्याची खोड, दुसरं काय.

अंतिम सामना प्रयागला, तोही गोऱ्या पलटणीशी. त्यांना ना पिंड ना पितर, त्यामुळे खलील जाम खूश होता. आता कोण अडवतंय? शिवाय काकांना आम्ही घरीच ठेवलं होतं. जैतुनबीनं जुन्या गोधडीच्या ढोपरपट्ट्या शिवून दिल्या होत्या, त्या तो गाडीत सारख्या बांधून बघत होता.

प्रयागच्या स्टेशनावर उतरलो आणि एक पंड्या आडवा आला. गाव कोणतं, विचारलं. मी सवयीनं सांगून बसलो. लगेच त्यानं माझा बाप, आजा, पणजा धडाधडा म्हणून दाखवले. काय सफाई होती, काका पाणी भरतील! मी म्हटलं, सामना आहे. त्यानं हात जोडले आणि शांतपणे म्हणाला, आलेलं तीर्थ ओलांडून जाऊ नये.

याच वाक्यावर आमची घरं चाललेली. खलीलला म्हटलं, तू हो पुढे, आम्ही एक बुडी मारून येतो. पण बुडीआधी मुंडण, मुंडणाला दहा डोकी आणि न्हावी एक. मग होडी, मग भर संगमात एकेकाचा संकल्प. पंड्या काही होडी वळवू देईना.

ओल्या धोतरांनिशी, चकोट डोक्यांनी आम्ही मैदानावर धावत पोचलो, तर सामना सुरू! तिथल्या साहेब पंचालाही नियमात कमीत कमी माणसांचा आकडा सापडला नव्हता. एका बाजूला अकरा गोरे, दुसरीकडे एकटा खलील. गोल झाला की त्यानंच बॉल बगलेत मारून मध्यावर न्यायचा, त्यानंच तो पुढे मारून खेळ सुरू करायचा आणि मग जीव खाऊन आपल्या गोलाकडे पळायचं. तो पोचायच्या आत बॉल त्याच्या डोक्यावरून आत गेलेला असे. म्हणजे इतके गोल खाऊनही तो बॉलसमोर एकदाही उभा राहिलेला नव्हता. सुरुवातीला लोक हसले असतील. आम्ही पोचलो तेव्हा कोणी हसत नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

मी आत शिरलो. तो धापा टाकत होता. रागावलेला नव्हता, त्याचंच मला जास्त लागलं.

"रंगनाथ, मध्यावरून तू मार," तो म्हणाला. "आणि मग कोणी मध्ये येऊ नका. मला फक्त दारात उभं राहायचंय."

मी मारला. आम्ही दहा टकले बाजूला सरलो. एक धिप्पाड गोरा बॉल घेऊन निघाला, अगदी जवळ आला आणि त्यानं सणसणीत लाथ हाणली. खलील आडवा झेपावला. धूळ बसली तेव्हा बॉल त्याच्या छातीशी होता. पंच शिट्ट्या मारत राहिला, तो बॉल सोडेना. त्या गोऱ्यानंच आधी टाळ्या वाजवल्या.

नाशिक रोडला जैतुनबी उतरवून घ्यायला आली होती. तिनं पोराला नाही, मला विचारलं, "किती अडवले?"

"एक, खाला."

"आणि किती आले?"

खलील माझ्याकडे बघत होता. "आठवत नाही," मी म्हटलं.

तिनं वाकून त्याच्या फुटलेल्या ढोपरांवरून ओढणी फिरवली आणि म्हणाली, आला तर खरा एकदाचा. कुणाच्याही सात पिढ्या मी आजही एका दमात म्हणतो. तेवढा एक आकडा मात्र मला कधीच आठवलेला नाही.