लाल डोळ्यांच्या अळ्या

लासिना सानूच्या पोटात दुखत होतं आणि त्यावर औषध नव्हतं. बोबो-जुलासो शहरातल्या डासांच्या प्रयोगशाळेत डासांची अंडी टोचायला सगळ्यांत आधी तो शिकला. खसखशीहून बारीक अंडी ओल्या कागदाच्या कडेला ओळीनं मांडायची, पांढऱ्याची करडी होऊ लागली की केसाहून बारीक काचेच्या सुईनं नवं जनुक आत सोडायचं. उशीर झाला तर कवच टणक होतं, सुई मोडते. टोचलेली बहुतेक मरतात. जगलेल्यांच्या पिल्लांत एखाद्या अळीचे डोळे सूक्ष्मदर्शकाखाली लाल चमकले, तर जनुक रुजलं म्हणायचं. असा डास हिवताप पसरवणार नाही, ही सगळ्यांची आशा.

लासिनाची एकही अळी कधी चमकली नाही. आणि परवापरवा आलेल्या पेन्दा दिकोच्या पहिल्याच खेपेला चमकल्या. सुई कशी धरायची हे तिला शिकवलं कुणी? त्यानंच. तिच्या ट्रेमधले लाल ठिपके त्यानं एकदा पाहिले आणि त्याच्या अंगाची आग झाली. मग तिचं हसणं, तिचं डबा खाणं, सगळंच त्याला खुपायला लागलं.

तो शेतकरी बोबो, ती गुरं राखणारी फुलानी. या दोन जमातींत वाडवडिलांपासून थट्टेचं नातं. एकमेकांना वाटेल ते बोलावं, राग मात्र धरायचा नाही. "आली का गुरंचोर," तो रोज म्हणायचा. "आले रे गुलामा. कालची दारू उतरली का?" ती विचारायची.

टोचणीच्या खोलीचा मुख्य नेमायला प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर हिएनबाईंनी सगळ्यांना बोलावलं. ज्याच्या अळ्या चमकल्या त्याचाच हक्क, हे ठरल्यासारखंच होतं. पेन्दाचं नाव येणार तेवढ्यात लासिना उठला.

"त्या अळ्या माझ्या आहेत. हिनं माझा ट्रे उचललाय."

त्याचा ट्रे आधीच वाळून गेला होता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण जळणाऱ्या माणसाच्या जिभेला हाड नसतं.

खोली हसून लोटपोट झाली. "गुरं संपली वाटतं फुलान्यांची," कुणीतरी म्हणालं.

"मी थट्टा करत नाहीये."

लोक आणखीच हसले. बोबोनं फुलान्याला चोर म्हणावं ते असंच, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. डॉक्टरीणबाई डोळे पुसायला लागल्या.

पेन्दा मात्र हसली नाही. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि तिला कळलं. तिनं तिथेच चौकशी मागितली असती, तर लासिनाची नोकरी गेली असती.

"उचललाच मी," ती मोठ्यानं म्हणाली. "गुलामाचं ते धन्याचंच असतं. तू आपला माझ्या अळ्यांचं पाणी बदल."

पुन्हा हशा. पेन्दा मुख्य झाली.

नंतर टोचणीच्या खोलीत दोघंच राहिले. आपल्याला हिनं वाचवलं, हे तर लासिनाला अळ्यांपेक्षाही सहन होईना. मोठं मनही हिचंच?

"मी खरंच बोललो होतो," तो म्हणाला.

"ठाऊक आहे."

"मग सांगितलं का नाहीस सगळ्यांना?"

"तुमची मुलं लहान आहेत."

"तुमची?" तो हसायला गेला. "अगं, गुलामाला कुणी तुम्ही म्हणतं का? दे दोन शिव्या आणि मिटव."

"थट्टेचा राग धरायला आम्हाला मनाई आहे, लासिनादादा. खऱ्या बोलण्याचा धरता येतो." तिचा आवाज अगदी साधा होता. तिनं खुर्ची पुढे ओढून दिली. "बसा. अंडी करडी व्हायला लागलीत."

लासिना बसला. त्या खोलीत इतका मान त्याला कुणी कधी दिला नव्हता, आणि आता तो रोज मिळणार होता.