पिठीसाखरेतले ठसे

मार्लिस त्वेटला ज्युरीच्या चर्चेच्या खोलीची किळस यायला लागली ती पहिल्याच सकाळी, आणि कारण होतं डोनटचा खोका. मिनेसोटातल्या त्या लहानशा गावच्या न्यायालयात ज्युरीच्या बारा जणांसाठी तो रोज यायचा. टेबलावर मधोमध खोका, आणि त्याला खेटूनच आयरीन सोबोलिकच्या चेहऱ्याचे फोटो. एक डोळा सुजून मिटलेला, ओठ फाटलेला. लोक एका हाताने फोटो चाळायचे आणि दुसऱ्या हाताची बोटं चाटायचे.

खटला तसा सरळ होता. आयरीन सत्तरी ओलांडलेली विधवा, एकटी राहणारी. डॅरेल हॅग हिवाळ्यात तिच्या दारातला बर्फ काढून द्यायचा आणि मग तिच्या स्वयंपाकघरात बसून सूप प्यायचा. जानेवारीतल्या एका दुपारी त्याने तिच्या दुखण्यावरच्या गोळ्या मागितल्या. ती नाही म्हणाली. त्याने तिच्या तोंडावर मारलं, तिला खाली पाडलं आणि गोळ्यांची बाटली घेऊन तो निघून गेला. तिचं मनगट मोडलं. साक्ष देताना ती म्हणाली होती, "तो डॅरेलच होता. मी त्याला ओळखणार नाही? माझ्या टेबलावर जेवलाय तो." समोरच्या घरातल्या माणसाने डॅरेलचा ट्रक दारात उभा पाहिला होता. डॅरेलचं म्हणणं, त्या दिवशी मी तिकडे फिरकलोच नाही.

त्याच्या वकिलाने मात्र एकच पालुपद लावलं होतं : ठसे कुठे आहेत? डीएनए कुठे आहे?

आता बंद खोलीत तेच पालुपद गॉर्डन एब्नरने उचललं होतं. विमा विकणारा हा गोलमटोल माणूस ज्युरीचा प्रमुख झाला होता, कारण प्रमुख कोण होणार असं विचारताच तो उभाच राहिला.

"टीव्हीवरच्या पोलिसांच्या मालिकेत बघा," तो म्हणाला, "एक केस सापडला की पुरे. तासाभरात गुन्हेगार आत. आणि इथे पोलिसांनी साधे ठसे घेतले नाहीत!"

"तिच्या कॉलरवर त्याची त्वचा असणारच," टेरिन म्हणाली. ही पंचविशीतली मुलगी नखं रंगवण्याचं दुकान चालवायची. "निळा दिवा मारला की सगळं चमकतं. मी सगळे भाग पाहिलेत."

"अहो, पण ठसे घेऊन करायचं काय?" मार्लिस म्हणाली. "तो आठवड्यातून दोनदा त्या स्वयंपाकघरात बसायचा. त्याचे ठसे सगळीकडे असणारच. त्यातून कळणार काय?"

"मार्लिसबाई, तुम्ही पोरांना गाडी चालवायला शिकवता, तेच बरं आहे," गॉर्डन हसला. "हे शास्त्र आहे." मग त्याने तुपकट अंगठा टेबलावर दाबला, त्यावर डोनटची पिठीसाखर भुरभुरली आणि हळूच फुंकर मारली. "बघा! किती सोपं!" सगळे वाकून बघायला लागले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. उडालेली साखर आयरीनच्या सुजलेल्या डोळ्यावर जाऊन बसली. गॉर्डनने ती बोटाने टिपली आणि चाटली.

फोटो ओढून घेऊन मार्लिसने तो बाहीने पुसला. "ती बाई समोर बसून सांगत होती," ती म्हणाली. "तुम्ही तिचं ऐकलं तरी का?"

"ऐकलं ना. बिचारी!" टेरिन म्हणाली. "पण माणसं खोटं बोलतात. पुरावा नाही बोलत."

डीएनएचा अहवाल मागवता येईल का, असं त्यांनी न्यायाधीशांना लिहून विचारलं. समोर आलेल्या पुराव्यावरच निर्णय द्या, असं उत्तर आलं. "म्हणजे काहीतरी दडवताहेत," गॉर्डन म्हणाला आणि माना डोलल्या. आधी डॅरेलला दोषी म्हणणारे पाच होते. संध्याकाळपर्यंत दोघं उरली, आणि शुक्रवारी दुपारी एकटी मार्लिस. निकालाला मात्र बाराही जणांचं एकमत लागायचं.

बाहेर बर्फ पडायला लागला होता. कोणाला मुलं आणायची होती, कोणाला लांबचा रस्ता. सगळे तिच्याकडे बघत होते, दुकानात मोड शोधत रांग अडवून धरणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसे.

"शंभर टक्के खात्री आहे तुम्हाला?" गॉर्डनने विचारलं. "टक्का टक्का मोजून सांगा."

शंभर टक्के खात्री मार्लिसला कशाचीच नव्हती. "करा काय करायचं ते," ती म्हणाली. "निर्दोष म्हणा."

निकाल ऐकून डॅरेलने वकिलाला मिठी मारली. आयरीन पर्स सावरत उठली आणि भिंतीच्या कडेने बाहेर गेली.

न्यायालयाच्या पायऱ्यांवर ज्युरीची मंडळी एकत्र फोटो काढत होती. मार्लिस थांबली नाही. खाली आयरीन गाडीची वाट बघत उभी होती आणि टेरिन तिच्या खांद्यावर हात ठेवून प्रेमाने सांगत होती, "तुम्ही ना, त्याला ओरबाडायला हवं होतं. नखात त्वचा राहिली असती. मग आम्हाला काही अडचणच नव्हती."

आयरीनने प्लास्टर नसलेला हात पुढे केला. "नखं मी वाढवत नाही गं," ती म्हणाली. "कणीक अडकते."

टेरिन "अय्या, खरंच!" म्हणून बाकीच्यांबरोबर फोटो काढायला पळाली. आयरीनची नजर मार्लिसवर स्थिरावली. "तुम्ही मागच्या रांगेत होतात ना? माझ्याकडे बघत होतात. मला वाटलं, या बाईला पटतंय."

"पटलं होतं," मार्लिस म्हणाली.

"मग?"

मार्लिसने पर्समधून गाडीची किल्ली काढली. "फार बर्फ आहे. मी सोडते तुम्हाला घरी."

"नको," आयरीन म्हणाली. "तुमच्या गाडीत नको."

वसंतात आयरीनने घर विकलं आणि ती बहिणीकडे डुलूथला निघून गेली. डॅरेलचा बर्फ काढायचा धंदा जोरात चालला. पुढच्या हिवाळ्यात, गाडी चालवणाऱ्या शिकाऊ पोराशेजारी बसून मार्लिस बँकेसमोरून जात असताना तो ट्रकने तिथला बर्फ ढकलत होता. तिची गाडी जाऊ द्यायला तो थांबला आणि स्टिअरिंगवरून त्याने दोन बोटं उचलली. रस्त्यात कोणी भेटलं की या भागात सगळेच उचलतात. मार्लिसचीही बोटं उचलली गेली, तिला कळायच्या आत.

पुढच्या वळणावर तिने पोराला गाडी कडेला घ्यायला सांगितली, दार उघडलं आणि बर्फात ओकली.