सुई दोन हजाराच्या खाली

मुलाने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "आई, घरात जादा खोली एकच आहे. पहिला महिना तू राहा किंवा त्यांनी राहावं, तुमचं तुम्ही ठरवा." बाळ तारखेच्या आधीच आल्यामुळे आम्हा दोन्ही आज्यांची धावपळ उडाली आणि माझ्या नव्या गाडीतून मी नि विहीणबाई एकत्र निघालो. कोणी राहायचं, हा विषय मात्र दोघींच्याही तोंडून निघेना. लग्नापासून आमचं बोलणं तोलूनमापूनच.

वादाला तोंड फुटलं ते गाडीवरून. माझं तत्त्व साधं आहे. हायवेला सहावा गिअर टाकायचा आणि आरपीएमची सुई जमेल तितकी खाली ठेवायची. इंजिन हळू फिरलं की पेट्रोल कमी लागणारच. पण एका चढावर गाडी कण्हायला लागली, तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "पाचवा टाका की. सुई इतकी खाली असली की इंजिनाला जोर देणारा टर्बो झोपूनच राहतो. मग तुम्ही उगाच पेडल दाबत बसता."

"टर्बो माझा आहे," मी म्हणाले. "झोपू दे."

त्या हसल्या. "मग लावता पैज? अर्धा रस्ता तुम्ही, अर्धा मी. जिचं अ‍ॅव्हरेज जास्त, ती पहिला महिना राहील."

मी लगेच हो म्हटलं. नातू आधी माझ्या मांडीवर हवा होता, खोटं कशाला बोलू?

अर्ध्या वाटेवर चहाला थांबलो, तेव्हा माझा आकडा होता लिटरला अठरा. तो शून्यावर आणून मी किल्ली त्यांच्या हातात दिली.

बाई गाडी झकास चालवतात, हे कबूल करणं जिवावर आलं. नव्वदच्या पुढे जायचं नाही. त्यापुढे सगळं पेट्रोल वाऱ्याशी भांडण्यात जातं म्हणे. सपाटीला सहावा, चढ दिसला की आधीच पाचवा, आणि पायाला कसली म्हणून घाई नाही. आकडा वीसवर गेला. मी तोंड फुगवून खिडकीबाहेर बघत बसले.

मग फोन आला. गाडीच्या स्पीकरवर सूनबाईचा आवाज. "आई, कुठे आहेस गं?" एवढं म्हणून ती रडायलाच लागली. मागे बाळानेही टाहो फोडला होता. "झालेलं काही नाही, सगळं ठीक आहे. दोन दिवस झोपले नाहीये फक्त. तू ये."

"आले," विहीणबाई म्हणाल्या आणि पाय खाली गेला. नव्वदचे एकशे वीस झाले. तासाभरात आकडा साडेअठरावर उतरला. मला आधी आनंदाच्या उकळ्याच फुटल्या. मग समोर चढ आला, पुढे रखडत चाललेला ट्रक, शेजारची लेन मोकळी, आणि बाई सहाव्यातच पेडल दाबताहेत. गाडी उचल घेईना. त्यांचं गिअरकडे लक्षच नव्हतं.

"चौथा टाका," मी म्हणाले.

"अहो, पेट्रोल..."

"खड्ड्यात गेलं पेट्रोल. चौथा."

सुई साडेतीन हजारावर गेली, टर्बोने शीळ घातली आणि ट्रक मागे पडला. घर येईपर्यंत आकडा सतरावर आला होता. मी जिंकले होते, आणि ते कोणाला सांगावंसंही वाटलं नाही.

दार सूनबाईने उघडलं. मी पुढे होते म्हणून तिने बाळ माझ्या हातात दिलं. कोणाच्या हातात दिलं, तेही पाहिलं नाही. सोफ्यावर आईच्या मांडीवर डोकं टेकलं आणि पोरगी मिनिटभरात झोपली.

मी बाळाला घेऊन समोर गेले. "बघा तरी, नाक कोणावर गेलंय."

"बघते सावकाश," विहीणबाई हळूच म्हणाल्या. हात लेकीच्या केसांतून फिरत होता आणि नजर तिच्यावरून हलत नव्हती.

अख्खा रस्ता मी समजत होते, आम्ही दोघी एकाच जिवासाठी भांडतोय. मला माझंच हसू आलं. बाळाला थोपटत मी विचारलं, "विहीणबाई, तुम्ही घोरत नाही ना? एका खोलीत दोघींना राहायचंय."

"घोरते," त्या म्हणाल्या. "थोडीशी."