दीड फुटाचा रिकामा चौकोन

माझ्या उजव्या बाजूला, तळाशी, एक रिकामा चौकोन आहे. दीड फूट लांब, दीड फूट रुंद. चारही कडा दुमडून बारीक टाक्यांनी शिवल्या आहेत. एकही धागा सुटलेला नाही.

मित्रांनो, मी मोर्चाचा एक जुना कापडी फलक आहे. उमरेडला विणकर बबनरावांच्या हातमागावर मी विणला गेलो. त्यांच्या पत्नीने, मैनाबाईंनी, माझ्यावर लाल अक्षरे शिवली : ‘हातमाग जगू द्या’. हिवाळी अधिवेशनाच्या वेळी विणकरांचा मोर्चा नागपूरला आला, तेव्हा मी सर्वांत पुढे होतो. पोलिसांनी अडवले तिथेच मंडप टाकून माणसे अकरा दिवस बसली. येणारे-जाणारे मान वर करून मला वाचत. ते दिवस अजून आठवतात.

मग बरीच वर्षे मैनाबाईंच्या पेटीत, कडुनिंबाच्या पाल्याखाली गेली. तिथून मुग्धाताईंनी मला नागपुरात, प्रताप नगरच्या आपल्या घरी आणले. त्या प्राध्यापक आणि कवयित्री. चळवळींतले सौंदर्य, म्हणजे फलकांची अक्षरे, रंग, मोर्चातली गाणी, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. माझ्याविषयी त्यांनी आपल्या पुस्तकातल्या एका लेखात लिहिले, ‘कडा शिवल्या आहेत, म्हणजे चौकोन हेतुपूर्वक रिकामा ठेवला. ही जागा माग सोडून गेलेल्या विणकराची.’ त्यावर कविताही केली. ती खूप गाजली.

चार वर्षांपूर्वी त्यांनी ती मैनाबाईंना वाचून दाखवली. मैनाबाई हसत सुटल्या.

“काहून मॅडम, भोकावर कविता केली का? मंडपात थंडीत लंगोट वाळून नाही राह्यले होते. माह्या तान्ह्या अंजूले गुंडाळाले तुकडा कापला मी.”

“मग कडा का शिवल्या?”

“विणकराच्या घरी धागा लोंबत ठेवतेत का?”

मुग्धाताई हसल्या नाहीत. पुढे त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघायची होती. माझ्यावरच्या लेखाशी त्यांनी पेन उचलले, थोडा वेळ धरून ठेवले आणि काही न बदलता पान उलटले. मी समोरच्या भिंतीवरून पाहत होतो.

आज मला मुग्धाताईंच्या महाविद्यालयाच्या सभागृहात लावले आहे. पहिल्या रांगेत मैनाबाई, शेजारी आता तिशीतली अंजू. एका विद्यार्थिनीने तीच कविता म्हटली. टाळ्या झाल्या.

“तुया लंगोटाले टाळ्या पडून राह्यल्या वं,” मैनाबाई लेकीला म्हणाल्या. आवाज मंचापर्यंत गेला.

मित्रांनो, जुन्या कापडाला ऊन, ओल आणि कसर यांपासून जपा. पण त्याचा अर्थ लावण्याआधी, ते शिवणारे हात हयात असतील तर त्यांना विचारा.

मुग्धाताई माइकपाशी आल्या. हातात कागद नव्हता.

“हा चौकोन मैनाबाईंनी लेकीला थंडी लागू नये म्हणून कापला. मला हे चार वर्षं माहीत होतं. माझा लेख चुकला आहे. पुढच्या आवृत्तीत मी तसं छापणार आहे.”