दांडवाडीची राखणकाठी

मी काठी बोलतेय. म्हाताऱ्याच्या आधाराची नव्हे आणि गुराख्याच्या खांद्यावरचीही नव्हे. मी राखणीची काठी. माझा जन्मच मारण्यासाठी झाला आणि मी पोटभर मारलं आहे. हाडावर बसल्यावर कसा आवाज होतो आणि मांसावर बसल्यावर कसा, हे झोपेत विचारलंत तरी सांगेन. लगेच नाक मुरडू नका. आधी ऐकून घ्या, मग खुशाल मुरडा.

कर्जतहून डोंगराकडे निघालात की एका जागी डांबर संपतं. तिथून पायवाटेने वर चढलं की आमची दांडवाडी लागते, ठाकर आदिवासींची वाडी. माझ्या जन्माआधी तिचा डोंगर बोडका झाला होता. कोळशाच्या भट्ट्यांनी आणि लाकडाच्या टेंपोंनी ऐन, किंजळ अशी सगळी झाडं खाल्ली आणि मग झराही आटला. बायका हंडे घेऊन खालच्या गावच्या विहिरीवर जायच्या आणि पाण्याबरोबर टोमणेही घेऊन यायच्या. एकदा तिथल्या कुणीतरी आमच्या वाडीतल्या पारूचा भरलेला हंडा लाथेने उडवला. ती तशीच वर आली आणि थेट जैतूच्या अंगणात उभी राहिली.

"बाबा, आता रान राखायचं, नायतर वाडी सोडायची. तिसरं काय नाय."

जैतू हा वाडीतला वडीलधारा. बायको-पोर नसलेला एकटा जीव, पण त्याचा शब्द वाडी खाली पडू देत नसे. त्याने उरल्यासुरल्या झाडांतली एक धामण निवडली, तिची फांदी तोडली, विस्तवावर शेकून सरळ केली आणि तेल पाजलं. ती मी. धामण वाकते, पण सहसा मोडत नाही. मग जैतूने सगळ्यांना बोलावून माझा कायदा सांगितला.

"ही ज्याच्या दारात उभी, त्या दिसाची राखण त्याची. मजुरी बुडली तर बुडू दे. सांजच्याला शेजारच्या दारात ठेवायची. जित्या झाडाला कुऱ्हाड लावताना कोन गावला तर मारायचा. आपला असला तरी मारायचा."

पहिला मार आपल्याच माणसाला बसला. त्या दिवशी मी पारूच्या दारात होते. तिचा नवरा दशरथ झोपडीच्या आढ्यासाठी किंजळ तोडायला गुपचूप वर गेला. राखण आपल्याच घरची, म्हणजे आज रान मोकळं, असा त्याचा हिशेब! पारूने त्याला कुऱ्हाड उगारलेली असतानाच गाठलं.

"टाक ती."

"अगं, आपल्याच घराचं आढं हाय. कोन बघतंय?"

"मी बघतेय."

तो हसला आणि त्याने घाव घातला. पुढच्या क्षणी मी त्याच्या नडगीवर बसले. हाड मोडलं, तो गडबडा लोळला, आणि पारूनेच रडत रडत त्याला पाठुंगळीला घेऊन खाली आणलं. दशरथ आजही डावा पाय ओढत चालतो. त्या झोपडीचं आढं मात्र बांबूचंच राहिलं.

सुरुवातीला एक घोटाळा झाला. कुऱ्हाडीचा आवाज आला म्हणून दोघंतिघं वेगवेगळ्या वाटांनी रानात घुसले आणि एकमेकांनाच चोर समजून डोकी फोडून बसले. तेव्हापासून जैतूने कायदा आवळला. हातात मी असल्याशिवाय डोंगरात कुणी पाऊल टाकायचं नाही. सुक्या काटक्या आणायच्या तरी माझ्यामागून जायचं. चोर दिसला की राखणदाराने कुकारा द्यायचा, आणि तो ऐकला की सगळ्या वाडीने धावायचं. हा कायदा लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच येऊन ठेपलं.

मग गजा आला. लोधिवलीकडच्या हायवेवर ढाब्यांना आणि फार्महाऊसवाल्यांच्या शेकोट्यांना लाकूड पुरवायचा त्याचा धंदा. आधी त्याने दारू देऊ केली, मग पैसे, मग माणसं आणली. जैतूची राखण होती तेव्हा त्याने कुऱ्हाडीच्या तुंब्याने, पात्यामागच्या बोथट बाजूने, जैतूचं खांद्याचं हाड मोडलं. जैतूने दुसऱ्या हाताने मला फिरवलं आणि गजाचे पुढचे दात पाडले. रक्त माझ्या टोकात मुरलं. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू? तोवर कुकारा ऐकून वाडी धावली आणि गजा पळाला. पळताना तोंडावर हात धरून ओरडला, "म्हाताऱ्या, तुझं रान तुझ्याच छातीवर पाडीन!"

पण डोंगर भरला. तोडलेल्या खोडांना धुमारे फुटले, ऐन वाढले, आणि एका उन्हाळ्यात झरा होळीनंतरही वाहत राहिला. पारूने त्यात हंडा बुडवला तेव्हा मी काठावर पडले होते. ती नुसती हंडा भरत होती आणि ओतत होती.

नाव झालं की पाहुणे येतात. रुचिता आली. निसर्ग सांभाळून आपला विकास करणाऱ्या गावांचा सन्मान करणारी एक संस्था आहे, तिची ही ताई. पोरगी मनाने चांगली. तिने झरा पाहिला, रान पाहिलं, मला हातात घेतलं आणि तिचे डोळे भरून आले. सन्मान दांडवाडीला जाहीर झाला.

सगळी वाडी टेंपोत बसून दहिवलीच्या हॉलवर गेली. मला तिथे आधी सँडपेपरने घासलं. जुने डाग काढले, वॉर्निश फासलं, रेशमी फीत बांधली. मग स्टेजवर हार घातला. एक पाहुणे भाषणात म्हणाले, "या बांधवांनी कुणालाही न दुखवता, प्रेमाने रान राखलं." खाली दशरथ बसला होता. त्याने नडगी चोळली आणि पारूने पदर तोंडावर धरला. एवढं हसू मलाही कधी आलं नव्हतं. जैतूच्या हातात पितळी ढाल दिली आणि टाळ्या झाल्या.

शेवटी रुचिता जैतूजवळ आली. "बाबा, ही काठी आमच्या इथल्या दालनात, प्रदर्शनात ठेवायची आहे. लोकांना बघू दे. प्रदर्शन संपलं की मी स्वतः आणून देते."

घरी आलेल्या पाहुण्याने मागितलेलं नाही म्हणायची वाडीला सवय नाही, आणि ज्याने हार घातला त्याला तर नाहीच. जैतूने मला दिलं. त्या सकाळी मला त्याच्याच दारातून उचललं होतं, त्याची राखण अजून व्हायची होती. मी काचेच्या पेटीत गेले. मारण्यासाठी जन्मलेली मी तिथे पंख्याखाली उभी राहून शाळेच्या सहली बघत बसले.

पुढचं मी पाहिलेलं नाही. नंतर दारोदारी उभी असताना ऐकलं, ते सांगते. दुसऱ्या दिवशी काठी कुणाच्याच दारात नव्हती, म्हणून राखण कुणाचीच नव्हती. कामचुकारपणा म्हणू नका. काठीशिवाय पाऊल टाकायचं नाही हा कायदा होता आणि त्यांनी तो पाळला. पारू म्हणाली, "बाबा, दुसरी काठी करा." जैतू म्हणाला, "दुसरी करायची तर जितं झाड तोडावं लागंल. तू मला मारशील." खालच्या वाळक्या बांबूची काठी घ्यायचंही निघालं, पण तिला काठी म्हणून कोण मानणार? प्रदर्शन लांबत गेलं. डोंगरात कुणी फिरकेना. वाडीच्या काठीला हार पडल्याची बातमी गजाच्याही कानावर गेली होती.

एका सकाळी वरून झाडं कापायच्या कटरचा आवाज आला. वाडी अंगणात गोळा झाली आणि सवयीने कुकाऱ्याची वाट बघत उभी राहिली. तो देणारं वर कुणी नव्हतं. जैतू उंबऱ्यावरून उठला. त्याने आपल्या दारातल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि म्हणाला, "राखण माझीच हाय." तसाच रिकाम्या हाताने चढला. स्वतःचा कायदा त्याने स्वतः मोडला.

थोड्या वेळाने कुकारा आला. पुरता आलाच नाही, मध्येच तुटला. वाडी धावली. गजाच्या माणसांनी जैतूला दांडक्यांनी झोडपलं होतं, आणि तो ज्या ऐनाला मिठी मारून बसला होता, तोच त्याच्या अंगावर पाडला होता. पारूने आणि दशरथने खोड उचललं. छाती आत गेली होती. झोळी करून खाली नेला, पण डांबर लागायच्या आत जैतू संपला.

पारू झोळीबरोबर परत वर गेली नाही. ती वाडीची ढाल पिशवीत घालून दहिवलीला आली. तिच्या अंगावरचं रक्त वाळलं होतं. दालनातला माणूस म्हणाला, "बाई, हात लावू नका." तिने ढाल दोन्ही हातांनी उचलली आणि काचेवर घातली. काच फुटली. तुकड्यांतून हात घालून तिने मला ओढलं, मनगट फाटलं, आणि तिचं रक्त त्या वॉर्निशवरून ओघळलं. इतक्या दिवसांनी मला बरं वाटलं.

पोलीस अजून वर फिरकले नव्हते, आणि पाडलेलं लाकूड न्यायला गजा दुसऱ्या दिवशी येणारच होता. पारू त्याच ऐनामागे बसली होती. तिने आधी कटर धरलेलं मनगट फोडलं, मग गुडघा, मग तो पडल्यावर खांदा. तो हात जोडत होता. मला थांबायचं नव्हतं. मी काठी आहे, दया मला कुणी शिकवली नाही. तिसऱ्या की चौथ्या घावाला मी उभी चिरले, तरी ती मारतच होती. शेवटी दशरथने तिला मागून कव घातली. "पारू, पुरं! तो मेला तर तू पन गेलीस. मग राखण कोन करील?" तेव्हा कुठे तिचा हात खाली आला.

गजा जगला. जैतूच्या खुनाचा खटला त्याच्यावर आहे, मारहाणीचा पारूवर. तारखेला दोघं एकाच व्हरांड्यात उभी असतात.

मग एकदा रुचिता वर आली. झऱ्यापाशी बसून बराच वेळ रडली. मग चाचरत म्हणाली, "पारूताई, समितीचं म्हणणं आहे की हिंसा झालेल्या गावाला सन्मान ठेवता येत नाही. मी भांडले, पण..."

पारूने घरातून चेमटलेली ढाल आणून तिच्या हातात दिली.

"घिऊन जा गं, ताय. तुजा राग नाय. ढाल न्या, काठी इथंच ऱ्हायल."

मला आता तारेने आवळून बांधलं आहे. वॉर्निश पावसाने गेलं. पूर्वीसारखा घाव बसत नाही, चिरेतून फटफट आवाज येतो. सन्मान करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. जरूर करा, पण वर चढून या, मी ज्या दारात असेन तिथे या, आणि जाताना मला तिथेच राहू द्या. कौतुकाने कधी कुणाची राखण झाली नाही.

जैतूचं घर बंद असतं, तरी मी त्याचं दार चुकवत नाही. आज तिथेच उभी आहे. त्याच्या वाट्याची राखण दशरथ करतो. तो बघा, डावा पाय ओढत येतोय. दारापुढे क्षणभर थांबला, बंद कडीला हात लावून म्हणाला, "बाबा, जातो." आणि मला उचललं.

वर कुठेतरी कुऱ्हाड वाजतेय. येते मी.