लोहाराच्या लेकीनं शिट्टी वाजवली नाही

पाण्यावरून डोकी फुटायची वेळ आली, तेव्हा दोन्ही गावांच्या जाणत्यांनी ठरवलं, कालव्याची पहिली पाळी कुणाची ते फुटबॉलच्या मैदानात ठरू दे. लाठ्यांपेक्षा लाथा बऱ्या. पंच म्हणून लोहाराच्या लेकीचं नाव निघालं. पंचाची परीक्षा पास झालेली ती एकटीच. शिवाय माहेर वरच्या गावात, सासर आमच्यात. दोघांनाही वाटलं, आपलीच आहे.

मैदान म्हणजे कापणी झालेलं वावर. खुंट टोचत होते, ढेकळावरून चेंडू कुठंही उडायचा.

सुरुवातीलाच वरच्यांनी आमच्या सुताराला मधोमध पाडलं. चेंडू आमच्याच दुसऱ्या गड्याकडं निघाला होता, म्हणून तिनं दोन्ही हात पुढं करून "खेळा" म्हटलं. पण चेंडू ढेकळावर आपटला नि भलतीकडंच गेला. लगेच शिट्टी. चेंडू मागं, फ्री किक आमची.

वरच्यांचा कप्तान, तिचा सख्खा भाऊ, तणतणत आला. "आधी खेळा म्हणतेस, मग थांबवतेस. एका तोंडानं बोल की, ताई."

"ज्याला पाडलं त्याच्या बाजूला फायदा होतोय का, ते क्षणभर बघायचं असतं. झाला तर खेळ चालू. नाही झाला तर मागं आणायचं. जा जागेवर."

आम्ही खूश. सून असावी तर अशी, असं खुद्द तिचा सासरा बोलला. त्याच्या तोंडून कौतुक म्हणजे बोक्याच्या तोंडून दूध परत आल्यासारखं.

दोन्हीकडं एकेक गोल झाला. खेळ संपत आला तसा आमचा टिटवी चेंडू घेऊन सुसाट सुटला. पाय काडीसारखे, म्हणून टिटवी. वरच्यांच्या कप्तानानं, तिच्या भावानं, मागून पाय घातला, टिटवी तोंडावर आपटला. पण पडता पडता त्यानं चेंडू आमच्या लंबूकडं ढकलला होता. लंबू मोकळा, पुढं फक्त गोलकीपर. आमचं सगळं गाव शिट्टीसाठी बोंबलतंय, आणि ही धावत धावत हात पुढं करून म्हणते, "खेळा."

लंबूनं नीट बेतून लाथ घातली. चेंडू खांबाला चाटून बांधापलीकडं गेला.

खेळ थांबला तसं तिनं आधी टिटवीला उठवलं, मग भावाला पिवळं कार्ड दाखवलं. तोवर सासरा मैदानात घुसला होता.

"फ्री किक दे."

"नाही, मामंजी."

"मगाशी दिलीस ना?"

"मगाशी आपल्या माणसाचा पाय चेंडूला पोचलाच नव्हता. आता लंबूसमोर गोल मोकळा होता. शिट्टी फुंकली असती तर त्यांचे सगळे मागं येऊन भिंतीसारखे उभे राहिले असते. भरलं ताट समोर ठेवलं होतं. त्यानं सांडलं, म्हणून दुसरं वाढायचं नसतं."

"अगं, पीक जळतंय आपलं."

"त्यात माझेही हात राबलेत. बाहेर व्हा, मामंजी, नाहीतर खेळ इथंच थांबवते."

सासरा दात खात बाहेर गेला. पुढच्याच चढाईत वरच्यांनी गोल केला नि पाणी नेलं. त्यांची माणसं नाचत तिच्याभोवती जमली. "शेवटी लेक कुणाची?"

"गोल तुमच्या पायानं झाला," ती म्हणाली. "त्याला माझं नाव लावू नका."

भाऊ कार्डाच्या रागानं तिच्याशी न बोलताच गेला.

पाणी आमच्याकडं येईस्तोवर टेकाडाकडची निम्मी रोपं वाळली. बाया तिला पाहून तोंड फिरवायच्या. माहेरधार्जिणी म्हणायच्या. एक दिवस गावाची बैठक बसली होती, तिथं ती स्वतःच जाऊन उभी राहिली.

"मागून कुजबुजू नका. माझी चूक झाली असेल तर इथं दाखवा."

मग लंबू उठला. "तेव्हा शिट्टी वाजली असती, तर माझा गोल खाल्ला म्हणून मीच हिला शिव्या दिल्या असत्या."

सासऱ्यानं घसा खाकरला. "ते काही असो. पुढच्या पाळीला पंच बाहेरून आणायचा."

"आणा," ती म्हणाली. "मग मी खेळायला मोकळी. पुढच्या फळीत मी."

लंबू जरा सरकला नि पोरांच्या रांगेत तिला बसायला जागा केली.